माक्राँनी फ्रान्समधल्या अतिउजव्यांना खरंच रोखलं का?

सह्यकडा

फ्रान्समध्ये निवडणूक झाली की आपल्याकडच्या बातम्यांचा सूर साधारण एकच असतो: मध्यममार्गी माक्राँ उभे राहिले आणि अतिउजव्यांची लाट थोपली. २०१७ साली हे वाचलं, २०२२ साली पुन्हा वाचलं. तिथलं राजकारण मी बरीच वर्षं वाचतो आहे आणि हे वाक्य मला दिवसेंदिवस जास्त खटकायला लागलंय. म्हणून हा धागा.

आधी आकडे. २००२ साली जाँ-मारी ल पेन पहिल्यांदा अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत पोचले, तेव्हा देश हादरला होता. लाखो लोक रस्त्यावर उतरले. दुसऱ्या फेरीत जाक शिराक यांना ८२.२१ टक्के मतं मिळाली, ल पेन यांना १७.७९. पंधरा वर्षांनी त्यांची मुलगी मारीन ल पेन माक्राँसमोर उभी राहिली आणि तिला ३३.९० टक्के मिळाली. २०२२ मध्ये पुन्हा तेच दोघे, या वेळी ४१.४५ टक्के. माणसांत मोजायचं तर ५५ लाख, मग १ कोटी ६ लाख, मग १ कोटी ३३ लाख. संसदेच्या कनिष्ठ सभागृहात २०१७ मध्ये ल पेन यांच्या नॅशनल फ्रंट (आताची नॅशनल रॅली) या पक्षाचे ८ खासदार होते, २०२२ मध्ये ८९ झाले, आणि २०२४ मध्ये मित्रपक्ष धरून १४० च्या वर गेले. अध्यक्षांच्या एलिझे प्रासादात कोण बसलं एवढंच पाहायचं असेल तर हो, रोखलं. पण दाराबाहेरची गर्दी प्रत्येक खेपेला वाढत गेली.

माझा मुद्दा असा. अतिउजव्यांना रोखलं ते मतदारांनी, आणि त्यातही डाव्या विचाराच्या लाखो मतदारांनी मनाविरुद्ध मत देऊन. माक्राँना मिळालेली ती मतं उसनी होती. उसनं घेतलेलं परत करायचं असतं, निदान आपण कोणाचे देणेकरी आहोत हे लक्षात ठेवायचं असतं. माक्राँनी ती मतं स्वतःच्या कार्यक्रमाला मिळालेला कौल म्हणून वापरली. ज्यांनी हात दिला त्यांना प्रत्येक वेळी वाटलं की आपल्याला गृहीत धरलं गेलं, आणि दर खेपेला हात देणारे कमी झाले.

हे मी माक्राँच्याच शब्दांवरून म्हणतोय. ७ मे २०१७ च्या रात्री लुव्रच्या प्रांगणात त्यांनी सांगितलं होतं की ल पेन यांना मत देणाऱ्यांकडे टोकाच्या पक्षांना मत देण्याचं काहीच कारण उरू नये, यासाठी पुढची पाच वर्षं मी सर्व काही करीन. २०२२ च्या विजयानंतर शाँ-द-मार्सवर म्हणाले की अनेकांनी माझ्या विचारांसाठी नव्हे तर अतिउजव्यांना अडवण्यासाठी मला मत दिलं हे मी जाणतो, आणि हे मत पुढची वर्षं मला बांधून ठेवील. शब्द सुंदर होते. वर्षभरात, मार्च २०२३ मध्ये, निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ वर नेणारा कायदा मतदान न घेता घटनेच्या ४९.३ कलमाखाली मंजूर करून घेतला. सगळ्या कामगार संघटना एकजुटीने विरोधात होत्या, रस्ते भरलेले होते. सरकारवरचा अविश्वास ठराव अवघ्या नऊ मतांनी फसला. ज्या कामगारांनी अकरा महिन्यांपूर्वी ल पेन नको म्हणून माक्राँना मत दिलं होतं, त्यांना हे कसं वाटलं असेल?

मतं मोकळेपणाने मांडा. फक्त आकडे देताना खात्री करून द्या, एवढी विनंती.


उत्तरायण

धागा चांगला आहे, पण निष्कर्ष पटला नाही.

तुम्ही आलेख २००२ वरून थेट २०१७ वर नेलात. मधला काळ पाहा. २०१२ मध्येच मारीन ल पेन पहिल्या फेरीत १७.९० टक्के घेऊन तिसऱ्या आल्या होत्या. २०१४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत त्यांचा पक्ष जवळजवळ २५ टक्के मतांसह देशात पहिला आला. डिसेंबर २०१५ च्या प्रादेशिक निवडणुकीत पहिल्या फेरीत पुन्हा पहिला. तेव्हा अध्यक्ष होते समाजवादी ओलांद. माक्राँचा पक्ष जन्मालाही आला नव्हता. म्हणजे वाढ आधीच सुरू होती, माक्राँना ती वारशात मिळाली.

शिवाय ही लाट एकट्या फ्रान्सची नाही. जर्मनीत माक्राँ नाहीत, तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या अतिउजव्या एएफडी पक्षाला २०.८ टक्के मतं मिळाली. इटलीत मेलोनींचा पक्ष २०१८ मध्ये चार टक्क्यांवर होता, चार वर्षांत २६ वर गेला आणि सत्तेत आला. ऑस्ट्रियात २०२४ मध्ये अतिउजवे पहिले आले. एवढ्या देशांत एकाच वेळी जे घडतंय त्याचं खापर एका माणसावर कसं फोडणार?

आणि "रोखणं" म्हणजे प्रत्यक्ष काय, तेही बघू. २०१७ मध्ये ल पेन यांच्या कार्यक्रमात युरोतून बाहेर पडण्याची भाषा होती. ब्रिटनने नुकताच बाहेर पडण्याचा कौल दिला होता. त्या वर्षी त्या जिंकल्या असत्या तर युरोपीय संघाचं काय झालं असतं याचा विचार करा. हरल्यानंतर त्यांनी तो मुद्दा सोडून दिला. २०२२ च्या एप्रिलमध्ये युक्रेनयुद्ध सुरू होऊन दोन महिने झाले होते, आणि ल पेन यांच्या पक्षाने रशियाशी संबंध असलेल्या बँकेकडून कर्ज घेतलेलं होतं. अशा क्षणी त्यांना सत्तेबाहेर ठेवणं हे काही लहान काम नव्हतं. बेरोजगारी माक्राँच्या काळात साडेनऊ टक्क्यांच्या आसपासवरून सात टक्क्यांच्या जवळ आली, हेही नोंदवायला हवं.


चिकू

दोन्ही बाजू वाचल्या, छान चर्चा. एक भाबडा प्रश्न. २०२४ च्या संसदेच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत अतिउजवे पहिले होते, मग आठवड्याभरात तिसरे कसे झाले? लोकांचं मत सात दिवसांत इतकं बदलतं?


गणितवेडा

@चिकू, मत फारसं बदललं नाही. समोरचे उमेदवार बदलले.

फ्रान्समध्ये ५७७ मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकात दोन फेऱ्या होऊ शकतात. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर दुसरी होते. दुसऱ्या फेरीत पहिले दोघे जातातच, शिवाय ज्याला नोंदणीकृत मतदारांच्या १२.५ टक्के मतं मिळाली तोही जाऊ शकतो. मतदान कमी झालं की हा उंबरठा गाठणं अवघड होतं. ३० जून २०२४ ला मतदान जवळजवळ ६७ टक्के झालं, १९९७ नंतर एवढं कधी झालं नव्हतं. त्यामुळे तीनशेहून अधिक मतदारसंघांत तिरंगी लढत होऊ शकेल अशी स्थिती आली. अतिउजव्यांना देशभर ३३ टक्के होते. तिरंगी लढतीत तेवढ्यावर जागा निघते.

मग डावी आघाडी आणि माक्राँचा गट मिळून दोनशेहून अधिक तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांनी माघार घेतली. डाव्यांच्या माघारी जास्त होत्या. दोन उदाहरणं देतो, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. कालव्हादोस जिल्ह्यात माक्राँच्या गटातल्या माजी पंतप्रधान एलिझाबेथ बोर्न दुसऱ्या क्रमांकावर होत्या, नॅशनल रॅलीचा उमेदवार पहिला. तिसऱ्या क्रमांकावर कडवे डावे नेते मेलाँशाँ यांच्या पक्षाचा तरुण उमेदवार होता. ज्या बाईंनी निवृत्तीचा कायदा मतदानाविना रेटला, त्यांच्यासाठी त्याने माघार घेतली. बोर्न निवडून आल्या. उलट दिशेनेही झालं: सोम जिल्ह्यात माक्राँच्या पक्षाच्या उमेदवार मागे हटल्या आणि डावे फ्रान्स्वा रुफाँ जिंकले. पण माक्राँचे काही ज्येष्ठ सहकारी मेलाँशाँच्या पक्षाला मत द्या असं सांगायला तयार नव्हते, आणि मतदारांतही फरक दिसला. डाव्या मतदारांनी माक्राँच्या उमेदवाराला जेवढ्या प्रमाणात मत दिलं, तेवढ्या प्रमाणात माक्राँच्या मतदारांनी मेलाँशाँच्या उमेदवाराला दिलं नाही.

निकाल: डावी आघाडी १८० च्या आसपास, माक्राँचा गट १६० च्या आसपास, अतिउजवे १४० च्या वर. बहुमताला २८९ लागतात. मतं पाहिली तर दुसऱ्या फेरीतही अतिउजवेच सर्वांत पुढे होते.

@सह्यकडा, तुमच्या "उसन्या मतां"बद्दल एक आकडा. इप्सॉस या मतचाचणी संस्थेच्या पाहणीनुसार २०१७ मध्ये अध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत मेलाँशाँना मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मतदारांनी दुसऱ्या फेरीत माक्राँना मत दिलं होतं. २०२२ मध्ये हे प्रमाण चाळीसच्या आसपास आलं. २०१७ लाच कोऱ्या आणि बाद मतपत्रिका चाळीस लाखांच्या वर होत्या.


नीरजा_लील

मी उत्तर फ्रान्समध्ये, लीलला राहते. इथून पा-द-काले जिल्हा अगदी जवळ. जुना कोळसा खाणींचा पट्टा आहे, पिढ्यान्‌पिढ्या समाजवादी आणि कम्युनिस्टांना मत देणारा. त्याच पट्ट्यातल्या एनाँ-बोमाँ गावात २०१४ मध्ये नॅशनल फ्रंटचा महापौर पहिल्याच फेरीत निवडून आला, आणि २०२४ मध्ये मारीन ल पेन यांनी तिथली संसदेची जागाही पहिल्याच फेरीत जिंकली. शेजारच्या नॉर जिल्ह्यात कम्युनिस्ट पक्षाचे राष्ट्रीय नेते फाबियाँ रुसेल पहिल्याच फेरीत हरले. पन्नास वर्षांपूर्वी कुणाला हे सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

माक्राँचं स्वतःचं गाव आमियाँ. २०१७ च्या दोन फेऱ्यांच्या मध्ये तिथे जे घडलं ते इकडचे लोक अजून सांगतात. कपडे वाळवण्याची यंत्रं बनवणारा व्हर्लपूलचा कारखाना पोलंडला हलणार होता. माक्राँ शहरात कामगार संघटनांच्या प्रतिनिधींशी बैठक करत होते, तेवढ्यात मारीन ल पेन थेट कारखान्याच्या आवारात पोचल्या, संपकऱ्यांबरोबर फोटो काढून घेतले. माक्राँ नंतर गेले, त्यांना शिट्ट्या-हुर्यो ऐकून घ्यावी लागली, पण ते तिथे बराच वेळ थांबून कामगारांशी बोलले हेही खरं. कारखाना मात्र बंदच झाला. ज्या उद्योजकाने जागा घेतली त्याचा धंदाही वर्षभरात बुडाला. त्या कामगारांना ल पेन यांनी तरी काय दिलं असतं? मला वाटतं, काहीच नाही. पण त्या आल्या होत्या, एवढं लोकांच्या लक्षात राहिलं.

इथे अतिउजव्यांना मत देणारे माझ्या ओळखीचे लोक आहेत. माझ्याशी नीट बोलतात, मुलांना खाऊ देतात. त्यांच्या बोलण्यात स्थलांतरितांबद्दलचा राग असतो, तो मी पांघरूण घालून लपवणार नाही. पण त्याबरोबर दुसऱ्या गोष्टीही असतात. गावात डॉक्टर निवृत्त झाला, नवा आला नाही. प्रसूतीसाठी चाळीस किलोमीटर जावं लागतं. गाडीशिवाय जगता येत नाही आणि डिझेल महाग. नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जॅकेटं घालून लोक चौकाचौकांत बसले ते इंधनावरच्या करावरून, पण त्याआधी वर्षभर साठत आलेलं होतं: श्रीमंतांवरचा संपत्ती कर काढला, घरभाड्याच्या मदतीतून महिन्याला पाच युरो कापले, ग्रामीण रस्त्यांवरची वेगमर्यादा ताशी ८० वर आणली. पॅरिसमध्ये बसून या प्रत्येक गोष्टीचं समर्थन करता येतं. इथे मात्र त्या सगळ्या एकाच दिशेने आल्यासारख्या वाटतात.

उत्तरायण, बेरोजगारी कमी झाली हे मान्य. पण ज्या गावात कारखाना गेला तिथे आलेली नोकरी गोदामातली किंवा वृद्धांच्या देखभालीची असते, पगार कमी, वेळा विचित्र. आकड्यात ती नोकरीच असते.


सह्यकडा

नीरजाताई, असं आतलं कुणी लिहील याची वाट पाहत होतो. आभार.

उत्तरायण, २०१४ चा मुद्दा रास्त आहे आणि त्याला उत्तर दिलंच पाहिजे. वाढ आधीपासून होती. पण माक्राँनी जे नव्याने केलं ते म्हणजे पर्यायच मोडून टाकले. तोवर सरकारवर चिडलेल्या माणसाकडे दोन मोठे दरवाजे होते: समाजवादी पक्ष आणि परंपरागत उजवा पक्ष. २०१७ मध्ये माक्राँनी दोन्हीकडची माणसं आपल्याकडे ओढली. समाजवादी पक्षाचे खासदार सुमारे २८० वरून ३० वर आले. २०२२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांच्या उमेदवार आन इदाल्गो यांना १.७५ टक्के मतं मिळाली, आणि दगॉल-शिराकांचा वारसा सांगणाऱ्या पक्षाच्या वालेरी पेक्रेस यांना ४.७८. या दोन पक्षांनीच आलटूनपालटून देश चालवला होता. मध्ये एक "शहाण्यांचा" गट, आणि बाहेर सगळे "टोकाचे", अशी मांडणी झाली की सरकार नकोसं झालेल्या माणसाने जायचं कुठे? लोकशाहीत सरकार कधी ना कधी बदलतंच.

इटलीचं उदाहरण तुम्ही दिलंत, ते माझ्या बाजूचं आहे. मेलोनींच्या आधीचे पंतप्रधान द्रागी यांच्या सरकारात जवळजवळ सगळे मोठे पक्ष सामील झाले होते, बाहेर राहिल्या त्या मेलोनी. चार टक्क्यांच्या सव्वीस झाल्या त्यात याचाही वाटा होता.

दुसरी गोष्ट, अतिउजव्यांना प्रतिष्ठा कोणी दिली? २०२२ मध्ये त्यांचे ८९ खासदार असताना सभागृहाच्या उपाध्यक्षपदी त्यांचे दोन जण २८० च्या वर मतं घेऊन निवडून आले. उरलेली मतं कुठून आली असतील ते उघड आहे. डिसेंबर २०२३ चा स्थलांतर कायदा तर त्याहून वाईट. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत तो इतका कडक झाला की नॅशनल रॅलीने एकगठ्ठा बाजूने मत दिलं आणि मारीन ल पेन यांनी त्याला आपला वैचारिक विजय म्हटलं. माक्राँच्याच गोटातल्या साठच्या आसपास खासदारांनी विरोध केला किंवा तटस्थ राहिले, आरोग्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. ज्यांना थोपवायला निवडून आलात, त्यांचाच विचार कायद्यात लिहिलात तर थोपवलं काय?


जुनी_वही

इतिहासातली एक गोष्ट जोडतो, कारण हा खेळ फ्रान्समध्ये नवा नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर चौथ्या प्रजासत्ताकात एका बाजूला कम्युनिस्ट, दुसऱ्या बाजूला दगॉलचा नवा पक्ष. दोघांनाही तेव्हाची राज्यव्यवस्था मान्य नव्हती. १९४७ पासून मधले पक्ष एकत्र आले: समाजवादी, ख्रिस्ती लोकशाहीवादी आणि रॅडिकल (नाव तसं असलं तरी मध्यममार्गीच). या आघाडीला "तिसरी शक्ती" म्हणत. १९५१ मध्ये त्यांनी निवडणूक कायदाच बदलला. पक्षांनी मतदानाआधी युतीचं जाहीर केलं आणि युतीला निम्म्याहून जास्त मतं मिळाली, तर त्या जिल्ह्यातल्या सगळ्या जागा युतीला. कम्युनिस्ट आणि दगॉलवादी यांना मिळून जवळजवळ निम्मी मतं होती, जागा मात्र खूपच कमी मिळाल्या. डाव उत्तम जमला. आणि काही महिन्यांतच कॅथलिक शाळांना सरकारी पैसा द्यायचा की नाही यावरून समाजवादी आणि ख्रिस्ती लोकशाहीवादी फुटले. एकमेकांना न पटणाऱ्यांना केवळ तिसऱ्याच्या भीतीने किती काळ बांधून ठेवणार? सरकारं येत-जात राहिली आणि १९५८ मध्ये अल्जीरियाच्या प्रश्नावर ते प्रजासत्ताकच कोसळलं.

दुसरी गोष्ट समाजवादी अध्यक्ष मितराँची. १९८६ मध्ये समाजवादी हरणार हे दिसत होतं. मितराँनी त्या निवडणुकीपुरती प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत आणली. नॅशनल फ्रंटचे ३५ खासदार निवडून आले, उजव्यांची मतं फुटली. पुढच्या सरकारने पद्धत पूर्ववत केली आणि १९८८ मध्ये त्यांचा एकच खासदार उरला. पण दोन वर्षं संसदेत बसायला मिळालं, त्यातून जी ओळख मिळाली ती गेली नाही. थोडक्यात, अतिउजव्यांना आपल्या सोयीसाठी वापरण्याचा दोष एकट्या माक्राँकडे नाही. डाव्यांच्या सर्वांत मोठ्या नेत्याने तो आधी केलेला आहे.


पुणेरी_पोस्टडॉक

मी ग्रनोब्लमध्ये आहे. स्थलांतर कायद्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण त्याची झळ आपल्या मुलांपर्यंत येणार होती.

डिसेंबर २०२३ च्या मसुद्यात परदेशी विद्यार्थ्यांकडून अनामत रक्कम घ्यायची तरतूद होती. घरभाड्याच्या मदतीसाठी नोकरी नसलेल्या बिगरयुरोपीय माणसाने पाच वर्षं देशात राहिलेलं असावं, अशीही अट होती. जानेवारी २०२४ मध्ये कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या घटना परिषदेने पस्तीस कलमं पूर्णपणे किंवा अंशतः रद्द केली, त्यात या दोन्ही गेल्या. त्याच आठवड्यात माक्राँ दिल्लीत प्रजासत्ताक दिनाचे पाहुणे होते आणि २०३० पर्यंत तीस हजार भारतीय विद्यार्थी फ्रान्समध्ये हवेत असं सांगत होते. दोन्ही गोष्टी एकाच सरकारच्या. मला त्यांचं स्वागत खोटं वाटत नाही. पण देशांतर्गत मतांसाठी कोणती किंमत मोजायला ते तयार होते, हेही त्या महिन्यात दिसलं.

२०२४ च्या प्रचारात नॅशनल रॅलीने दुहेरी नागरिकत्व असलेल्यांना संरक्षणासारख्या काही संवेदनशील पदांपासून दूर ठेवायचा प्रस्ताव आणला. भारत दुहेरी नागरिकत्व देतच नाही, त्यामुळे फ्रेंच पासपोर्ट घेतलेल्या आपल्या माणसांना ते तांत्रिकदृष्ट्या लागू झालं नसतं. पण माझ्या प्रयोगशाळेत मोरोक्कन आणि ट्युनिशियन वंशाचे सहकारी आहेत, इथेच जन्मलेले. ते दोन आठवडे त्यांचे चेहरे पाहवत नव्हते. "रोखलं की नाही" ही चर्चा करताना रोखलं गेलं नाही तर कोणाचं काय होईल हे विसरू नये. म्हणून ७ जुलैला, दुसऱ्या फेरीच्या रात्री, मला माक्राँबद्दल काहीही वाटत असलं तरी सुटल्यासारखं झालं होतं.


मुक्ता_देसाई

एक बाजू अजून कुणी मांडली नाही. अतिउजव्यांनी स्वतः किती चिकाटीने काम केलं ती.

मारीन ल पेन यांनी २०१५ मध्ये स्वतःच्या वडिलांना पक्षातून काढलं. २०१८ मध्ये नॅशनल फ्रंटचं नाव बदलून नॅशनल रॅली केलं. २०२२ मध्ये पक्षाध्यक्षपद जॉर्दाँ बार्देला या विशीतल्या तरुणाकडे दिलं. खासदारांना सभागृहात गळ्यात टाय बांधून शांत बसायला शिकवलं, आरडाओरडा डाव्यांकडे जाऊ दिला. विजेवरचा कर कमी करू, महागाई कमी करू, हीच भाषा. दुसरीकडे उद्योगपती व्हँसाँ बोलोरे यांच्या मालकीची सी-न्यूज वाहिनी रोज गुन्हेगारी आणि स्थलांतर यांचा रतीब घालत होती. २०२४ च्या मे महिन्यात ती देशातली सर्वांत जास्त पाहिली जाणारी वृत्तवाहिनी झाली. यातलं माक्राँनी केलेलं काय?

आणि १५ टक्क्यांवरून ४० वर जाणाऱ्या पक्षात फक्त रागावलेले लोक नसतात. तो विचार पटलेले लोकही असतात. प्रत्येक मत हे कुठल्यातरी बंद कारखान्याचं किंवा दवाखान्याचं आहे असं म्हणणं म्हणजे त्या मतदाराला स्वतःचं मतच नाही असं म्हणणं होईल.


उत्तरायण

मुक्ता, अगदी बरोबर. मला हेच म्हणायचं होतं.

सह्यकडा, पर्याय मोडले या मुद्द्यात तथ्य आहे. पण समाजवादी पक्ष माक्राँनी मोडला की ओलांदांच्या पाच वर्षांनी? २०१७ मध्ये परंपरागत उजव्यांचे उमेदवार फियाँ बायकोला संसदेच्या पैशातून पगार दिल्याच्या प्रकरणात अडकले, तेही माक्राँनी घडवलं नव्हतं. त्या वर्षी माक्राँ नसते तर दुसऱ्या फेरीत ल पेन विरुद्ध कोण असतं? फियाँ असते तर डाव्यांनी त्यांना मत दिलं असतं का? पहिल्या फेरीत माक्राँ, ल पेन, फियाँ आणि मेलाँशाँ हे चौघे २४ ते १९.५ टक्क्यांच्या पट्ट्यात होते. इतक्या थोड्या फरकात ज्याने ६६ टक्क्यांनी दुसरी फेरी जिंकून दाखवली, त्याला श्रेय द्यायला आपण इतके का कचरतो?

माझी खरी तक्रार ९ जून २०२४ ची आहे, तिथे मी माक्राँची बाजू घेणार नाही. युरोपीय निवडणुकीत बार्देला यांच्या यादीला ३१.३७ टक्के आणि माक्राँच्या यादीला १४.६० टक्के मतं पडली, आणि त्याच रात्री संसद विसर्जित. पक्षातल्यांनाही पत्ता नव्हता. तीन आठवड्यांत मतदान. देश कुणाच्या हातात जाऊ शकतो हे समोर दिसत असताना घेतलेला तो निर्णय मला आजही समजत नाही.


सह्यकडा

आणि विसर्जनानंतर जे झालं ते माझ्या मूळ मुद्द्याचं सर्वांत ठळक उदाहरण आहे.

७ जुलैच्या फेरीआधी डाव्यांनी शंभरावर उमेदवार मागे घेतले, डाव्या मतदारांनी माक्राँच्या गटातल्या बोर्न, दार्मानाँ यांच्यासारख्यांना निवडून दिलं. सर्वांत जास्त जागा डाव्या आघाडीला मिळाल्या. बहुमत कुणालाच नव्हतं, त्यामुळे सरकार त्यांचंच व्हायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण दोन महिने घालवून माक्राँनी पंतप्रधानपदी नेमलं कोणाला? मिशेल बार्निए, ज्यांच्या परंपरागत उजव्या पक्षाला पन्नासही जागा नव्हत्या. ते सरकार टिकलं ते नॅशनल रॅली अविश्वास ठरावावर तटस्थ राहिली म्हणून. ज्या पक्षाला रोखायला देश मतदानाला उतरला, त्याच्याच हातात सरकारचा जीव दिला! बार्निए यांनी विजेवरच्या करातली वाढ मागे घेतली, औषधांच्या परताव्यातली कपात ल पेन यांचं नाव घेऊन मागे घेतली, आणि ४ डिसेंबरला ल पेन डाव्यांबरोबर मत देऊन ३३१ मतांनी सरकार पाडून मोकळ्या झाल्या. पुढे बायरू आले, सप्टेंबर २०२५ मध्ये विश्वासमत हरून गेले. लकॉर्न्यू आले, महिन्याच्या आत राजीनामा दिला, चार दिवसांत पुन्हा आले. आणि तेव्हा कुठे समाजवाद्यांचा पाठिंबा मिळवण्यासाठी निवृत्तीवयाचा कायदा थांबवायची तयारी दाखवली.

हे जुलै २०२४ मध्ये का नाही केलं? मी म्हणतो तो हिशेब एवढाच आहे. ज्यांनी मत दिलं त्यांचं एखादं तरी ऐकायचं. तेव्हा ऐकलं असतं तर अतिउजवे संपले असते असा माझा दावा नाही. पण पुढच्या वेळी मदतीला यायचं कारण लोकांकडे उरलं असतं.


चिकू

मारीन ल पेन यांना तर न्यायालयाने निवडणूक लढवायला बंदी केली ना? मग प्रश्न आपोआप सुटत नाही का?


गणितवेडा

३१ मार्च २०२५ ला युरोपीय संसदेचा निधी पक्षाच्या कामाला वापरल्याबद्दल त्या दोषी ठरल्या. चार वर्षांची शिक्षा, त्यातली दोन निलंबित, आणि पाच वर्षं निवडणूकबंदी, तीही तत्काळ लागू. त्यांनी अपील केलं. पण प्रश्न सुटत नाही, कारण बार्देला तयार आहेत आणि त्या निकालानंतर पक्षाची मतं घसरली नाहीत. उमेदवार न्यायालय थांबवू शकतं, मतदार नाही.

माक्राँ मात्र २०२७ मध्ये उभे राहू शकत नाहीत. २००८ च्या घटनादुरुस्तीने सलग दोनच कार्यकाळांची मर्यादा घातली आहे. त्यामुळे एकच नेता अतिउजव्यांना रोखतो हे खरं असेल, तर त्याची परीक्षा तो नसताना होणार.


सह्यकडा

नीरजाताई, शेवटचं तुम्हालाच विचारतो. तुमच्या आसपासचे डावे मतदार २०२७ मध्ये पुन्हा बार्देला विरुद्ध कुणी मध्यममार्गी अशी वेळ आली तर काय करतील?


नीरजा_लील

सगळ्यांच्या वतीने नाही सांगू शकत. माझ्या ओळखीतलं सांगते.

माझी एक सहकारी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे, कामगार संघटनेत आहे. २००२ मध्ये विद्यार्थिनी असताना शिराकांना मत दिलं, २०१७ आणि २०२२ मध्ये माक्राँना. तिन्ही वेळा मत दुसऱ्या कुणाला तरी अडवण्यासाठी. २००२ नंतर शिराकांनी ८२ टक्के घेऊन निव्वळ उजव्यांचं सरकार बनवलं, ते ती विसरलेली नाही. २०२४ मध्ये ती आमच्या इमारतीत दारोदार फिरून लोकांना मतदानाला बाहेर काढत होती, आणि सप्टेंबरमध्ये बार्निए आल्यावर तिने संघटनेच्या बैठकीत सरळ विचारलं की आपण हे कोणासाठी केलं.

ती २०२७ मध्येही मत देईल, असं ती म्हणते. तिच्याबरोबर काम करणाऱ्या अल्जीरियन वंशाच्या मुलींकडे पाहून देईल. पण तिचा मुलगा एकवीस वर्षांचा आहे आणि तो देणार नाही म्हणतो. कोरी मतपत्रिकाही टाकणार नाही, घरीच बसणार. त्याला माक्राँआधीचं काही आठवत नाही, त्यामुळे मध्यममार्गी म्हणजे त्याच्या लेखी फक्त हेच सरकार. घरात यावरून भांडणं होतात.

तिच्या संघटनेत आता काही जणांची मागणी अशी आहे की पुढच्या खेपेला पहिल्या फेरीच्या रात्रीच उमेदवाराने लेखी द्यावं: निवृत्तीचं वय, रुग्णालयांतली भरती, आणि संसदेत मतदान न घेता कायदा करणार नाही हे वचन. दोन फेऱ्यांमध्ये पंधरा दिवस असतात. बोलणी करायला तेवढे पुरेसे आहेत, असं तिचं म्हणणं आहे.